दोन यंत्रांच्या मधली जागा

कारखान्यात आलेला एखादा जॉब, समजा पंपाच्या शाफ्टसाठी कापून आणलेला पोलादी तुकडा, गेटातून आत आल्यापासून डिस्पॅचला लागेपर्यंत काय करत असतो? यूजीन मर्चंट या अमेरिकी अभियंत्याने १९७०च्या दशकात याचा एक हिशेब मांडला आणि तो आजही जगभरच्या पाठ्यपुस्तकांत पहिल्या काही प्रकरणांत सापडतो. बॅचने माल काढणाऱ्या मशीन शॉपमध्ये जॉबचा ९५ टक्के वेळ नुसता पडून राहण्यात किंवा इकडून तिकडे जाण्यात संपतो. मशीनवर तो असतो ५ टक्के. त्या पाचातही लोडिंग, सेटिंग आणि मोजमाप यांचाच वाटा मोठा. धातू प्रत्यक्ष कापला जातो तो या ५ टक्क्यांच्या फार तर ३० टक्के वेळात, म्हणजे एकूण वेळेच्या दीड टक्का.

कटिंग स्पीड, टूलची धार, धातूचे गुणधर्म, स्पिंडलची ताकद हा सगळा अभ्यास त्या दीड टक्क्याचा आहे. तो करायलाच हवा. पण उरलेल्या वेळेचं काय, हे विचारणारी एक वेगळी विद्याशाखा आहे आणि विद्यापीठांत ती प्रॉडक्शन इंजिनीअरिंग, इंडस्ट्रियल इंजिनीअरिंग, मॅन्युफॅक्चरिंग मॅनेजमेंट अशा निरनिराळ्या पाट्यांखाली शिकवली जाते. आपल्याकडे प्रवेशाच्या वेळी तिची ओळख एवढीच असते की मेकॅनिकल हुकलं तर हे घ्यायचं. घरच्यांना वाटतं, मुलगा लेथ चालवायला शिकणार. मुलाला वाटतं, निम्मं मेकॅनिकल आणि निम्मं एमबीए. दोघांचाही अंदाज चुकतो. या शाखेचा खरा विषय आहे दोन यंत्रांच्या मधली जागा, आणि त्या जागेत ताटकळणारा माल, माहिती आणि माणसं.

सुरुवात एका फारच साध्या सूत्रापासून करता येते. जॉन लिटल यांनी १९६१ साली ते गणिताने सिद्ध केलं, म्हणून त्याला लिटलचा नियम म्हणतात. शॉप फ्लोअरवर अर्धवट अवस्थेत पडलेला माल म्हणजे रोजचं उत्पादन गुणिले एका नगाला आत येऊन बाहेर पडायला लागणारे दिवस. एखाद्या कारखान्यात ६०० कास्टिंग्ज वेगवेगळ्या टप्प्यांवर पडली आहेत आणि रोज सरासरी ६० बाहेर जातात, तर आज आत आलेलं कास्टिंग दहा दिवसांनी बाहेर पडेल. गिऱ्हाइकाला तीन दिवसांत माल हवा असेल, तर फ्लोअरवर १८०पेक्षा जास्त नग ठेवून चालणारच नाही. वेग तोच राहिला तर दुसरा उपाय नाही. कितीही फोन करा, कितीही फॉलोअप घ्या. सूत्र पाठ करायला एक मिनिट लागतं. पण ढीग दिसला की ‘काम भरपूर आहे’ असं समाधान वाटणाऱ्या डोळ्यांना तो ढीग म्हणजे उशीर आहे हे दिसायला पुष्कळ काळ जावा लागतो.

यापुढचा धडा मालकांना अजिबात आवडत नाही. मशीनमध्ये ७० लाख रुपये अडकले आहेत, ते क्षणभरही रिकामं राहता कामा नये, ही भावना समजण्यासारखी आहे. रांगांचं गणित मात्र वेगळं सांगतं. काम ठरावीक अंतराने न येता कमीजास्त अंतराने येतं आणि प्रत्येक जॉबला लागणारा वेळही कमीजास्त असतो, असं धरा. एका जॉबला मशीनवर सरासरी दहा मिनिटं लागतात. मशीन निम्मा वेळ व्यग्र असेल, तर जॉबला रांगेत सरासरी दहा मिनिटं थांबावं लागतं. मशीन ८० टक्के व्यग्र झालं की चाळीस मिनिटं. ९० टक्क्यांना नव्वद मिनिटं. आणि ९५ टक्क्यांना? एकशे नव्वद. शेवटचे पाच टक्के वसूल करायला गेलं की रांग दुपटीहून अधिक लांबते. गणपतीच्या आदल्या दिवशी मुंबई-गोवा रस्ता शंभर टक्के भरलेला असतो. त्या दिवशी कोकणात लवकर पोहोचल्याचं कुणी सांगत नाही.

प्रत्यक्ष कारखान्यात आकडे याहून वेगळे येतील, कारण गृहीतकं वेगळी असतील. पण रेघ वर उसळते ती अशीच. सगळी यंत्रं सतत चालू ठेवण्याचा हट्ट धरला की माल लवकर निघत नाही, फक्त साचतो. एखाद्या ओळीत पाच ठिकाणी काम होतं, त्यांतलं सर्वांत सावकाश ठिकाण ७५ सेकंद घेतं, तर साडेसात तासांच्या पाळीत, म्हणजे २७,००० सेकंदांत, ३६० नगच निघणार. बाकीची चार ठिकाणं चाळीस सेकंदांत काम उरकत असली तरी ३६०च. त्यांना पळवलं तर ७५ सेकंदवाल्यापुढे ढीग लागेल, एवढंच. हा विचार एलियाहू गोल्डरॅट यांनी १९८४ साली ‘द गोल’ या चक्क कादंबरीतून मांडला आणि व्यवस्थापनाच्या कित्येक जाडजूड ग्रंथांना जमलं नाही ते त्या कादंबरीने केलं: सुपरवायझर मंडळींनी ती वाचली.

या शाखेतला मला सर्वांत देखणा वाटणारा निकाल १९५४चा, एस. एम. जॉन्सन यांचा. चार जॉब आहेत. प्रत्येक आधी लेथवर, मग ग्राइंडरवर जायचा. पहिल्याला लेथवर सहा तास आणि ग्राइंडरवर तीन, दुसऱ्याला दोन आणि सात, तिसऱ्याला पाच आणि आठ, चौथ्याला नऊ आणि चार. कोणता आधी घ्यायचा? बहुतेक ठिकाणी ज्याचा फोन आधी येतो त्याचा. जॉन्सन यांची रीत अशी की सगळ्या आकड्यांतला सर्वांत लहान आकडा शोधा. तो लेथचा असेल तर तो जॉब शक्य तितका पुढे, ग्राइंडरचा असेल तर शक्य तितका मागे. तो जॉब खोडा आणि उरलेल्यांत पुन्हा तेच करा. इथे क्रम येतो दुसरा, तिसरा, चौथा, पहिला, आणि सगळं काम २५ तासांत संपतं. आले त्या क्रमाने घेतले असते तर २८ तास. आणि पहिला, चौथा, तिसरा, दुसरा असा उलटा क्रम लागला तर ३५. कागद-पेन्सिल घेऊन वाचकांनी ताडून पाहावं. मशीन तीच, माणसं तीच, वीज तीच; फक्त क्रम बदलला आणि दहा तासांचा फरक पडला.

मग पुढचा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतो: तीन मशीन असतील तर? तर अशी सोपी, हुकमी रीत सर्वसाधारणपणे नाही. दहा जॉबचे छत्तीस लाखांहून अधिक क्रम लागू शकतात. तिथून संगणक, अंदाजाच्या युक्त्या आणि ऑपरेशन्स रिसर्चचं अरण्य सुरू होतं. वर्गातले बरेच जण या अरण्यात हरवतात, ही वेगळी गोष्ट.

माल इतका साचतो तरी का, या प्रश्नाचं मोठं उत्तर सेटिंगमध्ये आहे. प्रेसवरची डाय बदलायला चार तास लागत असतील, तर कुठलाही शहाणा फोरमन एकदा डाय चढवली की चार महिन्यांचा माल काढून ठेवेल. किती काढावा, याचं सूत्र फोर्ड हॅरिस यांनी १९१३ साली दिलं. (फोर्ड हे त्यांचं पाळण्यातलं नाव, मोटारीच्या हेन्री फोर्डशी नातं नाही.) वर्षाला १०,००० नग लागतात, एका सेटिंगचा खर्च २,००० रुपये आणि एक नग वर्षभर सांभाळण्याचा खर्च १० रुपये असेल, तर एका वेळी २,००० नग काढणं सर्वांत स्वस्त पडतं. हे सूत्र वर्षानुवर्षं जगभर शिकवलं गेलं, परीक्षांत विचारलं गेलं आणि सर्वांनी सेटिंगचा खर्च हा नशिबाने मिळालेला आकडा मानला.

तो आकडाच बदलता येईल असा विचार जपानमध्ये झाला. टोयोटात १९६९ साली शिगेओ शिंगो यांच्यासमोर हजार टनांचा प्रेस होता, सेटिंग चार तासांचं. सहा महिने झटून ते दीड तासावर आलं. त्यानंतर वरून निरोप आला की तीन मिनिटांत व्हायला हवं. आणि ते झालं. त्यामागे कुठलंही नवं यंत्र नव्हतं. मशीन बंद असतानाच करावी लागणारी कामं कोणती आणि मशीन चालू असताना आधीच उरकता येणारी कोणती, ही फोड त्यांनी केली. पाना शोधणं, बोल्ट आणायला स्टोअरला जाणं, डाय क्रेनने जवळ आणणं यासाठी प्रेस थांबवायची गरज काय? मग उरलेल्या कामांत बोल्टचे आटे कमी कर, उंची आधीच एकसारखी कर, असं एकेक. आता हॅरिस यांच्या सूत्राकडे परत चला. सेटिंगचा खर्च २,००० रुपयांवरून २० रुपयांवर आला, तर २,०००ची बॅच २०० नगांवर येते. गोदाम रिकामं होतं, पैसा मोकळा होतो, आणि दोष राहिला असेल तर दोनशे नगांतच कळतो. टोयोटाचं कौतुक करणाऱ्या भाषणांत, मागच्या टप्प्याकडून लागेल तेवढाच माल मागवणाऱ्या कान्बान कार्डांचे फोटो फार दाखवतात. सेटिंगचे तास कमी केल्याशिवाय ती कार्डं चालत नाहीत, हे क्वचित सांगितलं जातं.

दोषांचाही स्वतंत्र इतिहास आहे. वॉल्टर शुहार्ट या भौतिकशास्त्रज्ञाने १९२४ साली टेलिफोनची उपकरणं बनवणाऱ्या उद्योगासाठी एका पानावर नियंत्रण आलेख काढून दाखवला. त्याची कल्पना अशी की कुठलीही दोन माणसं किंवा दोन नग तंतोतंत सारखे नसतात. काही चढउतार प्रक्रियेच्या अंगचेच असतात आणि काहींना खास कारण असतं. दुसऱ्या प्रकारचा चढउतार दिसला तर धावा. पहिल्या प्रकाराच्या मागे धावलात तर बिघडवाल. हे पटत नसेल तर २५ मिलिमीटरचा शाफ्ट काढणारा मेहनती ऑपरेटर डोळ्यांपुढे आणा. एक नग दोन शतांश मिलिमीटर जाड आला, त्याने लगेच तेवढं ऑफसेट कमी केलं. पुढचा बारीक आला, पुन्हा वाढवलं. प्रत्येक नगानंतर असं केलं तर मापांची पांगापांग कमी होण्याऐवजी सुमारे ४१ टक्क्यांनी वाढते. हात लावला नसता तर जॉब बरे आले असते! संख्याशास्त्र हा विषय मुलं ‘गणिताचा एम-थ्री पेपर सुटला एकदाचा’ म्हणून सोडून देतात, त्याची किंमत पुढे रिजेक्शनच्या बिनमध्ये मोजावी लागते.

शुहार्ट १९४७-४८ साली संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून भारतात आले होते. त्यांच्याच परंपरेतले एडवर्ड्स डेमिंग १९५० साली जपानला गेले, आणि १९५१ पासून जपानी लोकांनी त्यांच्या नावाने गुणवत्तेचं पारितोषिक सुरू केलं. म्हणजे बी दोन्हीकडे साधारण एकाच वेळी पडलं. आपल्याकडे पहिलं डेमिंग पारितोषिक आलं ते १९९८ साली, सुंदरम-क्लेटनकडे. २००३ साली महिंद्राच्या ट्रॅक्टर विभागाने ते मिळवलं. मधल्या पाच दशकांतली बहुतेक वर्षं परवाने आणि कोटे यांच्या राज्यात जे बनेल ते विकलं जात होतं. स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसत असताना आलेख कोण काढणार?

आता माणसं. या शाखेच्या जन्मकुंडलीत एक डाग आहे आणि तो विद्यार्थ्यापासून लपवू नये. पेनसिल्व्हेनिया स्टेट कॉलेजमध्ये १९०८-०९च्या सुमारास इंडस्ट्रियल इंजिनीअरिंगचा पहिला पदवी अभ्यासक्रम सुरू झाला तेव्हा फ्रेडरिक टेलर यांचं स्टॉपवॉच घेऊन कामगाराच्या मागे उभं राहण्याचं तंत्र जोरात होतं. १९११च्या ऑगस्टमध्ये वॉटरटाउनच्या लष्करी कारखान्यात फाउंड्रीतल्या मोल्डरांनी त्या घड्याळाविरुद्ध काम बंद केलं. प्रकरण अमेरिकी काँग्रेसपर्यंत गेलं आणि पुढे सरकारी कारखान्यांत स्टॉपवॉचवर बंदी आली. हेन्री फोर्ड यांनी १९१३ साली हायलँड पार्कच्या कारखान्यात सरकती ओळ आणली. एक चॅसी जोडायला साडेबारा तास लागत, ते वर्षभरात ९३ मिनिटांवर आलं. पाठ्यपुस्तक इथे थांबतं. त्याच वर्षी तिथे कामगार सोडून जाण्याचं प्रमाण ३७० टक्के होतं, म्हणजे शंभर जागा भरलेल्या ठेवायला वर्षभरात पावणेचारशेच्या आसपास माणसं घ्यावी लागत. एकच नट दिवसभर आवळण्याचा कंटाळा लोकांनी कारखाना सोडून व्यक्त केला. १९१४च्या जानेवारीत जाहीर झालेला पाच डॉलरचा रोज हा फोर्डच्या उदारपणाचा दाखला म्हणून सांगतात. त्यात या गळतीचा हिशेब मोठा होता.

मुंबईला हे शिकायला अमेरिकेला जायची गरज नव्हती. १९२०च्या दशकाच्या अखेरीस इथल्या गिरण्यांत ‘रॅशनलायझेशन’ आलं. दोनऐवजी तीन माग एका विणकराने सांभाळावेत, असा त्याचा अर्थ कामगाराला समजला, आणि तो बरोबर होता. १९२८च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत गिरणगाव बंद राहिलं. सुमारे दीड लाख कामगार संपात होते, आणि त्याच संपात गिरणी कामगार युनियन उभी राहिली. वर्क स्टडीच्या तासाला हा इतिहास शिकवला, तर पुढे टाइम स्टडीला गेलेला नवा इंजिनीअर ‘हे लोक घड्याळ पाहून मुद्दाम सावकाश का करतात’ असं बावळट तोंड करून विचारणार नाही.

कामाच्या अभ्यासाच्या याच परंपरेत लिलियन गिलब्रेथही आहेत. पती फ्रँक यांनी विटा रचण्यातल्या अठरा हालचाली पाचांच्या आसपास आणल्या होत्या. लिलियन यांचा प्रश्न वेगळा होता: थकवा कुठे येतो, आणि तो कमी कसा करता येईल? त्या मानसशास्त्राच्या डॉक्टर होत्या, बारा मुलांच्या आई होत्या आणि १९३५ साली पर्ड्यू विद्यापीठात प्राध्यापक झाल्या. ओट्याची उंची, फडताळांची मांडणी, स्वयंपाक करताना पडणारी पावलं यांवर त्यांनी गंभीर काम केलं. टेलरच्या घड्याळापेक्षा त्यांचा वारसा मला जास्त कामाचा वाटतो.

महाराष्ट्रात या शिक्षणाची मुळं गिरण्यांतच आहेत. १८८७ साली मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट सुरू झाली, म्हणजे आजची व्हीजेटीआय, ती गिरण्यांना जाणकार माणसं हवी होती म्हणून. तिथे यांत्रिक ड्रॉइंग शिकवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर बढती डावलली गेल्यावर नोकरी सोडून बेळगावला गेले आणि १९१० साली कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. पुढे १९६२ साली एमआयडीसी आली, १९६३ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या मदतीने पवईजवळ ‘निटी’ ही खास औद्योगिक अभियांत्रिकीची संस्था निघाली. २०२३ पासून ती आयआयएम मुंबई झाली आहे. व्यवस्थापनाच्या पाटीखाली कारखाना मागे पडू नये एवढीच अपेक्षा.

पुणे विद्यापीठाच्या काही महाविद्यालयांत ‘प्रॉडक्शन सँडविच’ नावाचा अभ्यासक्रम होता. मुलं मधल्या काळात सत्र-सत्र कारखान्यात घालवत. माझ्या मते आपल्या अभियांत्रिकी शिक्षणातली ती सर्वांत चांगली कल्पना होती. सहा महिने पाळ्या केलेल्या मुलाला ‘लाइन थांबली’ या दोन शब्दांचं वजन कळतं. चांगला मार्गदर्शक मिळाला तर. नाही मिळाला, तर तोच मुलगा सहा महिने पीपीसीच्या, म्हणजे उत्पादन नियोजन विभागाच्या, कोपऱ्यात बसून एक्सेलचे तक्ते भरतो. कित्येकांचं तेच झालं, आणि मग सगळे आयटीत गेले.

नोकरीबद्दल थोडक्यात. गेट परीक्षेत या शाखेचा स्वतंत्र पेपर आहे, आयआयटी दिल्ली, खरगपूर आणि मुंबईत पुढच्या शिक्षणाची सोय आहे. पदवीनंतरची पहिली दोन-तीन वर्षं पाळ्यांची, घामाची आणि आयटीतल्या मित्राच्या पगाराशी तुलना करण्याची असतात. ज्याला हे सहन होत नाही त्याने ही वाट घेऊ नये, त्यात कमीपणा काही नाही.

ज्यांना घ्यायची आहे त्यांनी पर्यायांचा फॉर्म भरण्यापूर्वी महाविद्यालयात जाऊन तीन गोष्टी विचाराव्यात. चार वर्षांत कारखान्यात किती आठवडे काढायचे आहेत? तिथे आमच्यावर लक्ष कोण ठेवणार? आणि संख्याशास्त्र खऱ्या मापांवर शिकवता की पुस्तकातल्या? सीएनसी मशीन किती हा प्रश्न शेवटी ठेवला तरी चालेल. आणि भोसरी, शिरोली, अंबड, वाळूजच्या छोट्या कारखानदारांना विनंती की वर्षाला दोन विद्यार्थी घ्या, गेल्या वर्षाच्या रिजेक्शनच्या नोंदी त्यांच्या हातात द्या, ऑपरेटरशी मोकळं बोलू द्या, आणि त्यांचं स्टायपेंड वेळेवर द्या.